चोवीस तारखेच्या आत

४ फेब्रुवारी, मंगळवार

मरते की काय वाटलं आज!

दुपारी धुलाईखात्यात, कामावर. इस्त्रीच्या रोलरमधून गरम चादरी बाहेर येत होत्या, एक टोक माझ्या हातात, दुसरं लांबोडीच्या. आठ वर्षं आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहून हॉटेलच्या चादरींच्या घड्या घालतोय. एकमेकींकडे न बघताही हात बरोबर चालतात. आणि एकदम डाव्या कुशीत, पाठीकडून, कुणी सुरा खुपसून फिरवावा तशी कळ. आधी वाटलं उसण भरली. वाकले तर वाकून बरं वाटेना, ताठ झाले तर ताठ होऊन बरं वाटेना. हातातलं टोक सुटलं. रोलर काही कुणासाठी थांबत नाही. चादरी खाली पडत राहिल्या आणि मी त्याच ढिगावर आडवी. मुकादमाने ओरडायला तोंड उघडलं होतं, माझं तोंड बघून मिटलं.

लेकीच्या वेळचं बाळंतपण परवडलं. त्यात मध्ये मध्ये श्वास तरी घेता येतो.

उलटी झाली. मग कळ जशी आली तशीच निघून गेली, जणू काही झालंच नाही. घरी सांगितलं, अपचन.

५ फेब्रुवारी

अपचन नाही. मला कळतंय.

किडनी नेमकी कुठे असते हे मला आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही गेल्या. सापडलं तेव्हाच आकसून लिंबाएवढ्या झालेल्या. का, ते कुणाला सांगता आलं नाही. कॉलेजात वेदनेच्या गोळ्या खूप खायचा, त्यानेच झालं असेल, असं मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी ठरवून टाकलं. आता आठवड्यातून तीनदा त्याला मशीनला जोडतात. भावजयीचा रक्तगट जुळला नाही. आईचं नाव निघालं तेव्हा धाकटाच म्हणाला, म्हाताऱ्या बाईला कापायचं नाही, विषय संपला. माझं सगळं जुळलं. रक्त, पेशी, सगळं. राहिलाय फक्त स्कॅन, चोवीस तारखेला. तो चांगला आला की मार्चच्या मध्यावर ऑपरेशन.

आणि मला कळ आली ती नेमकी डावीकडे. डावीच द्यायची ठरली आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी पुन्हा. ह्यांच्यासमोरच. न्हाणीघराच्या दारात गुडघ्यांवर बसले आणि उठेना. ह्यांनी चप्पल माझ्या पायात घातली आणि खाली रिक्षा.

मोठ्या हॉस्पिटलात नको, एवढं मी तेवढ्यातही म्हणाले. मग बाजारामागच्या दवाखान्यात गेलो. तिथे मूत्रमार्गाचे डॉक्टर बसतात. उंचीने लहान, बोलणं हळू, आणि चष्मा सतत कपाळावर. आधी इंजेक्शन, मग प्रश्न. सोनोग्राफीत दिसला. खडा! किडनीतून निघून नळीत उतरलाय, मूत्राशयाच्या थोडा वर येऊन अडकलाय. मसूरडाळीच्या दाण्याएवढा. मला वाटलं सुपारीएवढा तरी असेल.

डॉक्टर म्हणाले, दुखतं ते खड्याने नाही. वरून लघवी येत राहते, खाली वाट बंद, मग किडनी फुगते आणि नळी खड्याला पुढे ढकलायला पिळवटते. ते पिळवटणं म्हणजे ती कळ.

एक्स-रे काढला तर त्यात खडा दिसेना. सोनोग्राफीत आहे, एक्स-रेत नाही. डॉक्टरांनी चष्मा खाली ओढून दोन्ही पुन्हा बघितले. म्हणाले, युरिक ॲसिडचा असेल, तो एक्स-रेत लपतो. पण रक्तातलं युरिक ॲसिड तर बरोबर आहे. "पडला की मला आणून द्या. टाकू नका," हे मात्र दोनदा सांगितलं.

हे तोंड उघडून सांगायलाच निघाले होते की ही भावाला किडनी देणार आहे. मी टेबलाखालून असा चिमटा काढला की अजून वळ असेल.

७ फेब्रुवारी

नळी सैल करणारी गोळी रात्री एक. दुखलं तर दुसरी. एक पातळ औषध, चव खाऱ्या लिंबासारखी. पाणी, पाणी, पाणी. लघवी गाळण्यातून करायची, खडा हाती लागावा म्हणून. एवढ्या आकाराचे बरेचसे आपणहून पडतात, काही आठवडे वाट बघायची. नाहीच पडला तर खालून दुर्बीण घालून लेझरने फोडतात, पोट कापावं लागत नाही. आणि थंडी वाजून ताप आला तर घड्याळ न बघता धावत यायचं. तुंबलेल्या जागी जंतू शिरले तर किडनीच नाही, माणूसही जातो.

घरी आल्यावर ह्यांनी मला समजावून सांगितलं, त्यांच्या भाषेत. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, दुसरं काय सांगणार? "दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आहे. जोर करायचा नाही. वरून वजन द्यायचं आणि वाट बघायची." वजन म्हणजे पाणी. मी हसले, तेवढ्यात कुशीत ठणकलं.

मग ते गंभीर झाले. धाकट्याच्या डॉक्टरांना सांग म्हणाले. मी म्हटलं, चोवीसच्या आत पडला तर सांगायचं काय आहे? तोंडाला कुलूप लावा. त्यांनी लावलं. पण मला माहीत आहे, आतून त्यांना काय वाटतं. ह्या देण्याला ते पहिल्यापासून मनातून तयार नव्हते. कधी बोलून दाखवलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

९ फेब्रुवारी, रविवार

भावजय आली होती, पिशवीभर फळं घेऊन. मी भांडी घासायला उठले तर हात धरून बसवलं. माझ्या खुर्चीमागे उशी काय ठेवते, दार लागू नये म्हणून काय बघते. मी जणू काचेची. सहा महिन्यांपूर्वी हीच बाई माझ्याशी तोलूनमापून बोलायची! आता माझ्यात तिच्या नवऱ्याचा जीव आहे.

म्हणाली की आता त्याला रात्री झोप लागते. तारीख ठरल्यापासून. मुलीच्या शाळेच्या सहलीला पुढच्या वर्षी मी येणार, असं त्याने कबूल करून टाकलंय.

मी पाणी पीत बसले. ती म्हणाली, ताई, किती छान काळजी घेता तुम्ही.

१० फेब्रुवारी

काही नाही. गाळण्यात काही नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

स्वच्छ कपड्यांच्या बाजूला आमच्याकडे पाण्याची बाटली न्यायला बंदी. चादरीवर डाग पडेल. पाणी प्यायचं तर दोन दारं ओलांडून बाहेर जा, तोवर जोडीदारणीने एकटीने ढीग झेला. म्हणून आम्ही कुणी पीतच नाही. घाम मात्र बादलीभर. लांबोडी म्हणते, खडा नाही होणार तर काय मोती होणार?

तिला सांगावं लागलं. दर थोड्या वेळाने मी पळते, खिशात प्लॅस्टिकचं गाळणं, कुणालाही शंका येईल. आता ती बाटली चादरींच्या गाडीखाली लपवून ठेवते आणि मुकादमाची पाठ फिरली की डोळ्याने खूण करते.

खडा होण्याचं कारण मिळालं एकदाचं, असं वाटून बरं वाटलं. पाणी कमी, घाम जास्त. साधं आहे. म्हणजे काढलं की संपलं.

१४ फेब्रुवारी

दिवसभर कळा. दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेतलं. डॉक्टर म्हणाले, जागचा हललेला नाही. आणखी आठवडाभर बघू, मग दुर्बिणीचं ठरवू. मी विचारलं, लवकर नाही का काढता येणार? तर म्हणाले, एवढी घाई कसली? मी म्हटलं, लग्नाला जायचंय. लग्न कुणाचं, विचारलं नाही हे नशीब.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. पहिल्या दिवशी, त्या चादरींवर पडले होते तेव्हा, त्या वेदनेतही एक विचार येऊन गेला होता. किडनीतच काही निघालं असेल तर मला द्यावी लागणार नाही. "लागणार." हाच शब्द आला मनात. मग लगेच धाकट्याचा सुईने गाठी गाठी झालेला हात दिसला आणि मी तो विचार तिथेच गाडला. पण आला होता. मला कापून घेण्याची भीती वाटते. खूप वाटते. म्हणून तर आता कुणाला सांगत नाही. सांगितलं आणि मला नाही म्हणाले, तर ते माझ्या भीतीनेच केलं असं मला जन्मभर वाटेल.

१५ फेब्रुवारी

गाळणं रिकामं. ह्यांनी काहीतरी विचारलं, मी उगाच अंगावर गेले. ते जिन्यात जाऊन बसले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज धाकट्याजवळ बसायची पाळी माझी होती. भावजयीला मुलीच्या शाळेत जायचं होतं.

मोठी खोली, ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला एक मशीन आणि प्रत्येक मशीनला एक माणूस. त्याचं रक्त नळीतून बाहेर जातं, धुऊन परत येतं. तो थट्टेने म्हणतो, ताई, आपण दोघंही धुलाईखात्यातले. पाणी त्याला मोजून मिळतं. तहान लागली की बर्फाचा खडा चोखतो. आणि मी पर्समध्ये बाटली लपवून, बाहेर जाऊन घटाघट पिऊन येत होते. लाज वाटली.

तिथेच कळ आली. मी उठून भिंतीकडे तोंड केलं, ओढणी दातात धरली. वाटलं त्याला कळणार नाही. मागून त्याचा आवाज आला, अगदी शांत.

"ताई, उलटी होईल आता तुला. कोपऱ्यात बादली आहे."

झाली. मग येऊन बसले. तो माझ्याकडे बघत होता. म्हणाला, ही कळ मला माहीत आहे. कुशीतून सुरू होते, खाली जांघेत उतरते आणि कसंही बसलं तरी थांबत नाही, बरोबर? कॉलेजात असताना त्याला चार-पाच वेळा झाली होती. म्हणून तर त्या गोळ्या. लघवीतून तपकिरी वाळू पडायची आणि थांबायची. त्याला वाटायचं, खानावळीच्या पाण्याचा दोष. इथल्या डॉक्टरांना त्याने दुखायचं एवढंच सांगितलं, ते गोळ्यांपाशीच थांबले. वाळूचं कुणी विचारलं नाही, त्यालाही ती सांगण्यासारखी वाटली नाही.

मग विचारलं, "इथे सांगितलंस?"

मी मान हलवली. नाही.

त्याने मशीनकडे बघितलं. सांग म्हणाला नाही, सांगू नको म्हणाला नाही. शेवटी एवढंच, की गोळ्या फार खाऊ नकोस, माझं बघतेस ना.

घरी येईपर्यंत एकच शब्द डोक्यात. वाळू. तपकिरी.

तो कधी रोलरजवळ उभा राहिला नाही. त्याला कुणी पाण्याची बाटली बंद केली नव्हती. मग त्याला का?

१८ फेब्रुवारी

ताप बघितला. नाही.

१९ फेब्रुवारी

कळ खाली सरकली. लघवीला सारखी घाई, आणि आग. डॉक्टर म्हणाले होते तसंच. दाराशी आलाय! धाकट्याचं बोलणं मनातून जात नाही, पण आधी हा पडू दे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पडला.

कामावर, दुपारी. काही टोचलं, एक क्षण डोळ्यांपुढे काजवे, आणि गाळण्यात टक् असा आवाज. एवढासा! बघितलं तर हसू येईल. ह्याने मला दोन आठवडे लोळवलं? तांबूस तपकिरी, ओबडधोबड. नखाने दाबला तर कड भुगा होऊन पडली. मी ऐकलं होतं खडे गारगोटीसारखे टणक असतात.

बाहेर येऊन लांबोडीला दाखवला. ती म्हणाली, फेक तो, अवदसा.

अंग हलकं झालंय. पिसासारखं. चार दिवस हातात आहेत. सोमवारच्या स्कॅनमध्ये काही दिसणार नाही. वाट मोकळी. कुणाला काही सांगायची गरज नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

खडा कागदाच्या पुडीत बांधून डब्यात ठेवलाय. दिवसभरात तीनदा उघडून बघितला.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत.

टाकला तर सोमवारी स्कॅन, महिन्याभरात ऑपरेशन, धाकटा मशीनवरून सुटतो. भावजय रात्री झोपते. नेऊन दिला तर डॉक्टर विचारणार, मी सांगणार, आणि मग सगळं थांबणार. कदाचित कायमचं.

पण त्याची वाळू तपकिरी आणि माझा खडा तपकिरी. आम्ही एका आईबापाची. त्याच्या किडन्या कशाने गेल्या ते कुणाला माहीत नाही. माझ्यात तेच असेल तर? मी त्याला चांगली किडनी म्हणून काय देणार आहे?

एकदा न्हाणीघरात पुडी घेऊन गेलेसुद्धा. फ्लशच्या साखळीला हात लावला. बाहेर ह्यांची पावलं दाराशी थांबलेली ऐकू आली. बाहेर आले तेव्हा पुडी अजून मुठीत होती. ते म्हणाले, उद्या सकाळी मी येतो बरोबर. मी म्हटलं, कुठे ते तरी विचारा. म्हणाले, जिथे जाशील तिथे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सगळं सांगितलं. किडनी द्यायचंही, लग्नाच्या थापेचंही, धाकट्याच्या वाळूचंही.

डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. धाकट्याचं ऐकताना चष्मा कपाळावरून खाली आला आणि तिथेच राहिला. पुडी उघडून खडा भिंगाखाली धरला. मग विचारलं, भावाच्या किडन्या कोणत्या वयात गेल्या? आईवडील एकमेकांच्या नात्यातले का? मी म्हटलं, हो, लांबच्या नात्यातले. ते "हं" म्हणाले.

खडा बाहेरगावच्या मोठ्या लॅबला जाणार. कशाचा बनलाय ते तिथे नक्की कळतं. माझी लघवीही सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. त्यात बारीक गोल तपकिरी कण होते. काय ते सांगितलं नाही. अंदाजावर बोलत नाही म्हणाले. पण सोमवारचा स्कॅन थांबवा, हे मात्र अगदी स्पष्ट. मोठ्या हॉस्पिटलात फोन त्यांनीच केला. माझ्यासमोर.

संध्याकाळी धाकट्याला मी सांगितलं. तो म्हणाला, बरं केलंस. मग फोन भावजयीने घेतला.

२३ फेब्रुवारी

भावजयीचे शब्द लिहायचे नव्हते. पण जात नाहीत.

"पडला होता ना तो? मग सांगायलाच हवं होतं का?"

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मीही दोन दिवस हेच म्हणत होते.

१ मार्च

लॅबचं काही नाही. धाकट्याला काल मशीनवर चक्कर आली. आई देवासमोर बसते आणि उठायचं विसरते.

६ मार्च, गुरुवार

डॉक्टरांनी बोलावलं. आईला आणा म्हणाले, म्हणून आईही बरोबर.

नेहमीचा खडा नाहीच तो. हजारांत एखादा मिळतो, म्हणाले. शरीर जुन्या पेशींचा कचरा मोडून पुन्हा वापरतं. ते काम करणारं एक द्रव्य माझ्यात जन्मतःच नाही. मग तो कचरा लघवीत उतरतो, आणि तो पाण्यात विरघळत नाही. त्याचेच कण, त्याचाच खडा. पाणी कमी प्याल्याने खडा लवकर धरला एवढंच, मूळ पाण्यात नव्हतं. कण किडनीतच साचत गेले तर हळूहळू किडनी खातात, आणि बाहेरून काही कळत नाही. उपाय आहे. एका सांध्यांच्या आजारावर वर्षानुवर्षं देतात तीच साधी गोळी, रोज एक, जन्मभर. आणि भरपूर पाणी. माझ्या किडन्या अजून शाबूत आहेत. अगदी वेळेवर आलात, म्हणाले.

मी विचारलं, आणि द्यायचं?

त्यांनी मान हलवली. ज्या किडन्यांना पुढे धोका आहे त्यातली एक काढून दुसऱ्याला देत नाहीत. ते ना तुमच्या भल्याचं, ना त्याच्या.

मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. कान बंद झाल्यासारखे झाले. ह्यांनी हात धरला होता, तो दुखेपर्यंत दाबत होते.

मग डॉक्टर आईकडे वळले. विचित्रच प्रश्न विचारला. ही तान्ही असताना लंगोटांवर कधी तांबूस डाग दिसायचे का?

आई म्हणाली, "दोघांच्याही. धुऊन जायचे नाहीत. मला वाटायचं नळाच्या पाण्यात गंज आहे."

डॉक्टर म्हणाले, भावाचं रक्त तपासायला हवं. उद्याच.

बाहेर पडताना आईने त्यांना गाठलं, मी औषधं घेत होते. माझ्यातून गेलं का, असं विचारत होती. ते म्हणाले, अर्धं तुमच्याकडून, अर्धं वडिलांकडून. अर्ध्याने काही होत नाही, म्हणून तुम्हाला कधी त्रास झाला नाही. दोन अर्धी एकत्र आली की होतं. ह्यात चूक कुणाचीच नाही. आईने मान डोलवली, पण ऐकलं किती कोण जाणे. रिक्षात बोटांवर काहीतरी मोजत होती.

७ मार्च

धाकट्याचं रक्त गेलं. आठवडा-दीड आठवडा लागेल.

माझी पहिली गोळी.

१० मार्च, सोमवार

मीच गेले त्यांच्याकडे. भावजयीने दार उघडलं, बाजूला झाली, पाणी आणून ठेवलं. फळं नाहीत, उशी नाही. ती पुन्हा तोलूनमापून बोलणारी झाली आहे. मला त्याचं एवढं वाईट वाटलं नाही. वाईट ह्याचं वाटलं की तिचे डोळे सुजलेले होते आणि तिने ते लपवले नाहीत. माझ्यासमोर बरं दिसायची गरजच उरली नाही तिला.

धाकटा म्हणाला, मरणार नाही मी, मशीन आहे. मुलगी कोपऱ्यात चित्र काढत होती. तिचंही रक्त तपासणार का, असं भावजयीने हळूच विचारलं. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारू. मग ती ओट्याकडे वळली आणि तशीच उभी राहिली. मी जवळ गेले नाही. काय म्हणून जाऊ?

१३ मार्च

ऑपरेशन आज व्हायचं होतं. कामावर गेले. लांबोडीने बाटली पुढे केली, मी प्याले.

१५ मार्च

आई दोन दिवस सकाळी कुठेतरी जाऊन येते. विचारलं तर म्हणते, पाय मोकळे करायला.

१९ मार्च, बुधवार

धाकट्यालाही तेच.

दवाखान्यात आम्ही सगळे होतो. डॉक्टर म्हणाले, गेल्या आठवड्यात माझी किडनी त्याला बसवली असती तर वर्ष-दोन वर्षांत तीही ह्याच कणांनी भरून गेली असती. लोक म्हणाले असते, शरीराने स्वीकारली नाही. त्याच्या गेल्या तशी, कारण न कळता, माझी गेली असती. मग माझी उरलेलीही. आता कारण कळलंय. गोळी आधी सुरू केली तर दुसऱ्या कुणाची किडनी त्याच्यात नीट टिकेल.

भावजय उठून माझ्या शेजारी येऊन बसली. माझा हात तिच्या मांडीवर ओढून घेतला आणि तसाच धरून ठेवला.

दुसऱ्या कुणाची, म्हणजे कुणाची, असं धाकट्याने विचारलं. ते विचारताना त्याने कुणाकडे बघितलं नाही.

आई म्हणाली, तिने गेल्या आठवड्यातच मोठ्या हॉस्पिटलात जाऊन रक्तगट तपासून घेतला. जुळतो. धाकटा उभाच राहिला, आई, नाही, तुझं वय! तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"वाईट अर्धं माझ्याकडून नेलंत ना दोघांनी? आता चांगलं पण न्या."

डॉक्टर म्हणाले, आजी, वय, दाब, साखर, बरंच काही बघावं लागेल, घाई नको. पण तिने आधीच बाही कोपरापर्यंत वर केली होती.